मदत हवी आहे : अंड्याला टोच पडून २० तास झाले, पिल्लू बाहेर येईना

अबोली_जुळे_सोलापूर | रात्री ९:१०
कोणी जागं असेल तर लवकर सांगा. काल रात्री एकच्या सुमाराला एका अंड्याला टोच पडली. तांदळाएवढं भोक आहे, आतून चिवचिव ऐकू येते, चोचीचं टोक हलताना दिसतं. पण काल जेवढं भोक होतं तेवढंच आज आहे, सकाळपासून एक टवकासुद्धा पुढे सरकलेला नाही. मी नखाने थोडं कवच काढू का? नवरा म्हणतो हात लावू नको, सासूबाई म्हणतात काढ. ज्यांनी स्वतः पिल्लं काढली आहेत त्यांनीच सांगा.

बार्शीचा_शेतकरी | ९:१८
थांबा, अजिबात हात लावू नका. आधी हे सांगा : अंडी कोंबडीची की बदकाची? आज कितवा दिवस? मशीन आहे की घरी केलेला खोका? आत पंखा आहे का? ओलावा किती दाखवतोय?

कडकनाथप्रेमी | ९:२२
ताई, पुढच्या वेळी कडकनाथ लावा. मूळ मध्य प्रदेशातल्या झाबुआची जात, २०१८ साली तिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. उन्हाळ्यात टिकते. आणि पिल्लं निघाली की लसीकरण चुकवू नका. पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेत रोगाची लासोटा लस, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गंबोरो रोगाची. लोक इथेच मार खातात.

अबोली_जुळे_सोलापूर | ९:२६
लसीचं नंतर बघू हो, पिल्लू तरी बाहेर येऊ दे.
गावठी कोंबडीची अंडी, आज एकविसावा दिवस. थर्माकोलचा खोका, ४० वॅटचा बल्ब, थर्मोस्टॅट ३७.५ वर. पंखा नाही. ओलावा मोजायला काही नाही, पाण्याची वाटी ठेवली आहे. आता सांगा, फोडू की नको?

नान्नजचा_माळ | ९:३३
फोडू नका. टोच पडल्यापासून बाहेर येईपर्यंत २४ तास लागणं अगदी नेहमीचं आहे. तेवढ्या वेळात पिल्लू स्वस्थ पडून नसतं, फुप्फुसाने श्वास घ्यायला शिकत असतं. कवचाच्या आतल्या पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्या आटत असतात, उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढला जात असतो. तुम्ही आत्ता कवच काढलंत तर त्या वाहिन्या फुटतील.
थर्मोस्टॅटचा सेन्सर कुठे लावलाय? आणि दिवसात किती वेळा झाकण उघडलं?

विजापूर_रोड | ९:३७
मी तर दरवेळी मदत करतो, काही होत नाही. वीस तास म्हणजे पिल्लू थकलेलं आहे. थोडं थोडं कवच काढा.

बार्शीचा_शेतकरी | ९:४१
काही होत नाही कसं म्हणता? मी पहिल्या वर्षी अशीच घाई केली. अर्धं कवच काढलं आणि पिल्लाच्या पोटाला बलकाची पिशवी लोंबत होती. तासाभरात गेलं ते. अजून डोळ्यांसमोर आहे. वाचलेली तेवढी तुमच्या लक्षात राहतात.

विजापूर_रोड | ९:४४
आणि न फोडल्याने आत गुदमरून मेलेली तुम्ही मोजलीत का?

आक्का_मोहोळ | ९:५०
अगं बाई, खुडूक कोंबडी असताना बल्ब-बिल्ब कशाला? आमच्याकडे डालग्यात भुस्सा घालून कोंबडी बसवायची. ती स्वतःच अंडी फिरवते, पोटाची ऊब देते, पिल्लू आतून बोललं की बाहेरून उत्तर देते. एखादी खुडूक असेल तर आत्ताच तिच्याखाली सरकव.

अबोली_जुळे_सोलापूर | ९:५८
आक्का, कोंबडीच बसवली होती. बाराव्या दिवशी पहाटे मुंगसाने तिला मारलं. मी सहा वाजता खुराड्यात गेले, ती अंड्यांपासून हातभर लांब पडली होती. अंड्यांना हात लावला तर अजून कोमट होती. तसाच पदराखाली घेऊन वर आणली. दिरांनी तासाभरात खोका करून दिला. माझी पाच वर्षांची मुलगी तेव्हापासून रोज शाळेतून आली की खोक्याला कान लावून बसते. म्हणून विचारतेय एवढं.
सेन्सर बल्बच्या बाजूला वरती आहे. झाकण आज बरेचदा उघडलं, दर अर्ध्या तासाला बघत होते.

नान्नजचा_माळ | १०:०६
हे आधी सांगायला हवं होतं, आता सगळं जुळतंय.
सेन्सर बल्बजवळ असेल तर तिथे ३७.५ आणि खाली अंड्यांपाशी त्याहून कमी. बिनपंख्याच्या खोक्यात अंड्यांच्या वरच्या पातळीला साडेअडतीसच्या आसपास लागतं. पिल्लं उशिरा निघण्याचं हे एक कारण. दुसरं म्हणजे आपल्याकडची हवा. एप्रिलच्या सोलापुरात वाळत घातलेली चादर तासात कडक होते, मग उघड्या झाकणाखालच्या ओल्या पापुद्र्याचं काय होत असेल? शेवटच्या तीन दिवसांत आत ६५ ते ७० टक्के ओलावा लागतो. झाकण उघडलं की तो एका दमात निघून जातो. पापुद्रा वाळून पिल्लाच्या पिसांना चिकटतो आणि त्याला आत फिरताच येत नाही. त्याला गोल फिरत फिरत कवच कापायचं असतं.
टॉर्च लावून फक्त बघा : भोकाच्या कडेचा पापुद्रा पांढरा, ओलसर आहे की पिवळट?

चाटी_गल्लीवाला | १०:०९
खोका ठेवलाय कुठं ओ? पत्र्याखाली असंल तर दुपारी बल्बची गरजच नाही, खोका आपोआप चाळिसाच्या वर जातोय. थर्मोस्टॅट बल्ब बंद करतो, गार करत नाही की! माझी १४ अंडी मागच्या मे महिन्यात तशीच गेली. लई उकडायलंय यंदा पण.

विजापूर_रोड | १०:१२
त्यात लाइट जाते. इन्व्हर्टरवर खोका चालतो, ४० वॅट म्हणजे काहीच नाही. माझ्याकडे १५० एएच ची बॅटरी आहे...

बार्शीचा_शेतकरी | १०:१४
बॅटरीचं दुसऱ्या धाग्यावर बोला. ताई, पापुद्रा?

अबोली_जुळे_सोलापूर | १०:१७
गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीतच होता, आत्ता खाली देवघराशेजारी आणला.
पापुद्रा सकाळी पांढरा होता. आता कडेने पिवळट तपकिरी, भाकरीच्या पापुद्र्यासारखा कोरडा दिसतोय. चिवचिव आहे पण बारीक झाली आहे.

नान्नजचा_माळ | १०:२५
मग मी माझं म्हणणं बदलतो. हा वाळलेला पापुद्रा आहे, इथे मदत करावी लागेल, पण फोडाफोडी नाही. नीट वाचा.
हात साबणाने धुवा. पाणी उकळून कोमट करा. आधी खोक्यात ओल्या फडक्याचे दोन तुकडे ठेवा, मोठी वाटी ठेवा. मग कानकोरणीच्या कापसाने फक्त पापुद्र्यावर पाणी लावा. चोच आणि नाकपुड्यांवर थेंब जाता कामा नये, पिल्लू गुदमरतं. अंडं परत ठेवा आणि तासभर झाकण लावून बसा.
तासाने अंड्याच्या रुंद टोकाकडचं, म्हणजे हवेच्या पोकळीवरचं कवच तेवढं टवक्याटवक्याने काढा. त्या भागात कवचाखाली हवाच असते. पापुद्र्यावर लाल रेघ दिसली की त्याच क्षणी थांबा. पिल्लू ओढून बाहेर काढायचं नाही, शेवटचा जोर त्याचाच हवा.

विजापूर_रोड | १०:२८
मीही हेच म्हणत होतो.

बार्शीचा_शेतकरी | १०:३०
नाही, तुम्ही वीस तास झाले म्हणून काढा म्हणत होतात. घड्याळ बघून फोडायचं नसतं, पापुद्रा बघून ठरवायचं.

अबोली_जुळे_सोलापूर | ११:५२
रुंद टोकाकडचं रुपयाएवढं कवच काढलं. खालच्या बाजूला केसाएवढी लाल रेघ दिसली, थोडं रक्त आलं. कापूस धरला, थांबलं. माझे हात थरथरतायत. परत ठेवलं आहे.

नान्नजचा_माळ | ११:५५
रक्त आलं म्हणजे वाहिन्या अजून चालू आहेत. पहाटेपर्यंत काही करू नका. एक सांगा, सगळी अंडी कोंबडीखाली एकाच दिवशी ठेवली होती का?

अबोली_जुळे_सोलापूर | १२:०४
सहा मी ठेवली, त्यांच्यावर पेन्सिलीने फुली आहे. बिनखुणेची तीन नंतर दिसली. दुसरी कोंबडी त्याच डालग्यात अंडी घालत असावी.

नान्नजचा_माळ | १२:०८
मग ती तीन अजून एकविसाव्या दिवसाला पोचलेलीच नाहीत. उद्या फेकून देऊ नका. अठराव्या दिवसापर्यंत अंडी फिरवायची असतात, पण आता त्यांच्यासाठी झाकण उघडू नका, आधी फुलीवाली निघू द्या. खोक्याला एक भोक पाडून सलाइनची नळी वाटीपर्यंत सोडा, म्हणजे पाणी बाहेरूनच घालता येईल.

आक्का_मोहोळ | १२:१५
मी जागी आहे गं. खोक्याला तोंड लावून हळू आवाजात कुक् कुक् कर. हसू नकोस, ती ऐकतात.

अबोली_जुळे_सोलापूर | पहाटे ५:०६
आलं!!! पावणेपाचला दोन्ही पाय ताणून मागचं कवच स्वतःच ढकललं. ओलं आहे, मानेवर पापुद्र्याचा एक तुकडा चिकटलाय, पण उभं राहायचा प्रयत्न करतंय. आक्का, मी खरंच कुक् कुक् केलं, दरवेळी उत्तर येत होतं. मुलीला उठवलं. आता खायला काय देऊ?

बार्शीचा_शेतकरी | ५:४०
वा ताई! खायला काहीच नको. पोटातल्या बलकावर ते दोन दिवस काढतं. पिसं सुकून फुगेपर्यंत खोक्यातच राहू द्या, मानेवरचा तुकडा ओढू नका, गळून पडेल. नंतर दुसऱ्या खोक्यात पहिला आठवडा ३५ अंश ठेवा. खाली वर्तमानपत्र नको, त्यावर पाय घसरून फाकतात. गोणपाट अंथरा.

कडकनाथप्रेमी | ६:१५
अभिनंदन. लासोटाची तारीख आजच वहीत लिहून ठेवा.

अबोली_जुळे_सोलापूर | दुपारी ११:४८
तारीख लिहिली दादा. फुलीवाल्या दुसऱ्या अंड्याचं पिल्लू नऊ वाजता आपोआप निघालं, कोणी हात लावला नाही. दोघं एकमेकांना टेकून झोपली आहेत. बाकीच्या चारांपैकी दोघांत आवाज आहे, दोन गप्प.
आता नवा प्रश्न. खोक्याला काच बसवली आहे, त्यातून दिसतंय की एका अंड्याला निमुळत्या टोकाकडून टोच पडली आहे. तिकडे हवेची पोकळी नसते ना? वेळ लिहून ठेवली आहे, ११:४०. झाकण उघडलेलं नाही.