निर्मात्याविना जीवाचा उगम विज्ञानाला सांगता येईल का?

गोदातीर (पंचवटी, नाशिक)
आमच्या वाचनकट्ट्यावर या प्रश्नावरून दोन तट पडले आहेत. रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलर यांनी १९५३ साली प्रयोगशाळेत जीव निर्माण करून दाखवला, तेव्हा निर्माता मानण्याचे कारणच उरले नाही, असे एका बाजूचे म्हणणे. एक साधे प्रथिनही योगायोगाने जुळणार नाही, म्हणून कर्ता मानलाच पाहिजे, असे दुसऱ्या बाजूचे. विज्ञानाने नेमकी कुठवर मजल मारली आहे?

रसायनशाळा (कॉलेज रोड)
मिलर यांनी जीव निर्माण केलेला नाही. मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या पाडल्यावर त्यांना ग्लायसिन, अ‍ॅलानिन अशी अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिने ज्यांपासून बनतात ते घटक, मिळाली, इतकेच. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियातील मर्चिसन येथे पडलेल्या अशनीतही अमिनो आम्ले आढळली, त्यामुळे कच्चा माल ही आता मोठी अडचण राहिलेली नाही. खरा तिढा पुढे आहे: प्रथिने घडवण्यासाठी जनुकीय माहिती लागते आणि त्या माहितीची नक्कल करण्यासाठी पुन्हा प्रथिनेच लागतात. आरएनए हा डीएनएचा भाऊबंद रेणू माहिती साठवतो आणि विकराचे (रासायनिक क्रियांना वेग देण्याचे) कामही करू शकतो, हे टॉमस चेक व सिडनी ऑल्टमन यांनी दाखवल्यावर (१९८९ चे नोबेल त्यासाठीच) हा तिढा बराच सैल झाला. परंतु साध्या रसायनांपासून आपोआप तयार होऊन स्वतःची नक्कल करत राहणारा आरएनए अजून कोणाच्याही हाती लागलेला नाही.

योगायोगाच्या गणिताबद्दल सांगायचे, तर आजचे प्रथिन एका फटक्यात जुळून आले असे या क्षेत्रातील कोणी म्हणतच नाही. ज्या दाव्याचे खंडन केले जाते, तो दावा मुळात कोणी केलेला नाही.

द्राक्षबाग (पिंपळगाव बसवंत)
आपल्याकडे चार्वाकांनी, म्हणजे प्राचीन जडवाद्यांनी, हा वाद फार पूर्वीच छेडला होता. किण्वापासून (मद्य आंबवणाऱ्या यीस्टसारख्या द्रव्यापासून) जशी मादकता उपजते, तसे पृथ्वी, आप, तेज, वायू या चार भूतांच्या संयोगातून चैतन्य उपजते, असे ते म्हणत. वाइनच्या या जिल्ह्यात हा दाखला सर्वांना चटकन पटेल. मात्र यीस्ट स्वतःच सजीव असते, त्यामुळे उगमाच्या वादात तो लंगडा पडतो. सर, माझी शंका वेगळी आहे: रसायनांना असे वागायला लावणारे नियम कोठून आले?

रसायनशाळा
तो प्रश्न रास्त आहे, पण जीवाच्या उगमाचा नाही. निर्जीव खडकालाही तेच नियम लागू आहेत. उद्या प्रयोगशाळेत साध्या रेणूंपासून स्वतःची नक्कल करणारी आणि पिढ्यागणिक बदलत जाणारी रचना उभी राहिली, तर पृथ्वीवर अमुक क्षणी हस्तक्षेप करून जीव घालणारा निर्माता मानण्याची गरज उरणार नाही. नियमच ज्याने घातले, अशा निर्मात्याला मात्र त्या प्रयोगाने बाध येणार नाही आणि आधारही मिळणार नाही. कट्ट्यावर वाद घालणाऱ्यांनी आपण यांपैकी कोणत्या निर्मात्याविषयी बोलत आहोत, हे आधी ठरवावे.