पेजमेकर, डोंगल आणि टकटकणारी हार्डडिस्क: एक्सपीच्या संगणकातून काय वाचेल?

खिळाजुळारी (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

छापखान्यातल्या जुन्या संगणकाबद्दल सल्ला हवा आहे. पेंटियम ४, १ जीबी रॅम, रुंद पट्टीच्या केबलची ८० जीबी आयडीई डिस्क, विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३. त्यावर पेजमेकर ७.० (पानं जुळवायचा प्रोग्राम) आणि मराठी टाइपसेटिंगचं जुनं पॅकेज. पॅकेजचं डोंगल (परवान्याची हार्डवेअर किल्ली) प्रिंटरच्या २५ पिनांच्या, म्हणजे पॅरलल, पोर्टला लागतं. डी ड्राइव्हवर अंदाजे ११ जीबी काम आहे: स्मरणिका, संस्थांचे अहवाल, दिवाळी अंक, पत्रिका.

महिनाभर फाइल उघडायला दोन-तीन मिनिटं लागतायत, मधूनच डिस्कमधून टकटक आवाज येतो. नवीन संगणक विंडोज ११ चा आहे. जुने फॉण्ट त्यावर टाकले तर दिसतात, पण पॅकेज बसत नाही आणि त्या संगणकाला २५ पिनांचं पोर्टही नाही.

विचारायचं असं:
१. चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी) मारून डिस्क सुधारेल का?
२. अख्खं एक्सपी जसंच्या तसं नव्या संगणकात चालवता येतं का?
३. डोंगलसाठी यूएसबी ते पॅरलल केबल चालेल का?
४. जुना मजकूर युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-कोडांत) नेताना काय बिघडतं?

---

चकती_डॉक्टर

चेकडिस्क मारू नका. डीफ्रॅगही नको. मरणाऱ्या डिस्कवर चेकडिस्क म्हणजे तिला सगळीकडे धावायला लावणं, आणि वर खराब जागांच्या नोंदी लिहायला लावणं. आज संगणक बंद करा आणि प्रत काढेपर्यंत सुरू करू नका.

मंदपणाचं एक कारण सांगून ठेवतो. आयडीई चॅनेलवर सहा वेळा टाइमआउट झाला की एक्सपी ती डिस्क वेगवान डीएमए सोडून संथ पीआयओ मोडवर टाकतं आणि वेग कोसळतो. निव्वळ एवढंच असतं तर डिव्हाइस मॅनेजरमधून प्रायमरी आयडीई चॅनेल काढून संगणक पुन्हा सुरू केला की काम झालं असतं. पण टकटक असेल तर ते टाइमआउट डिस्कमुळेच आलेले असणार, म्हणून आधी प्रत.

डिस्क काढा. मागचा जंपर मास्टरवर ठेवा. आयडीई ते यूएसबी अडॅप्टर स्वतःच्या वीजपुरवठ्याचा घ्या, कारण साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि यूएसबीतून ५ च मिळतात. जोडायचं नव्या संगणकाला. जुन्याचं पोर्ट यूएसबी १.१ निघालं तर सेकंदाला जेमतेम १ एमबी, म्हणजे ८० जीबीला जवळजवळ एक दिवस.

नवा संगणक उबुंटू लिनक्सच्या लाइव्ह (काही न बसवता चालणाऱ्या) पेनड्राइव्हवरून सुरू करा. विंडोजमध्ये ही डिस्क लावायची नाही, विंडोज लगेच 'स्कॅन अँड फिक्स' विचारतं आणि कोणीतरी हो म्हणतंच. बायॉसमध्ये हात घालण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

प्रत काढणाऱ्या प्रोग्रामच्या उबुंटूतल्या पॅकेजचं नाव 'जीडीडीरेस्क्यू', कमांडचं नाव 'डीडीरेस्क्यू'. दोन फेऱ्या करायच्या. पहिली 'मायनस डी मायनस एन' देऊन: जे सहज वाचलं जातं ते उचलते, अडलेलं मागे ठेवते. दुसरी 'मायनस डी मायनस आर ३' देऊन: फक्त अडलेल्या जागा, तीन प्रयत्न. दोन्ही वेळा मॅप फाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) तीच द्या. मध्येच वीज गेली तर त्या फाइलवरून काम पुढे चालू होतं, ती नसेल तर पहिल्यापासून.

लोक हमखास चुकतात त्या दोन जागा. स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क जुन्यावर उतरते, म्हणून आधी 'एलएसबीएलके' (डिस्कांची यादी देणारी कमांड) मारून आकारावरून डिस्क ओळखा. दुसरं, ज्या बाहेरच्या डिस्कवर प्रत घेणार ती फॅट३२ असेल तर ४ जीबीला गाडी थांबते. एनटीएफएस किंवा एक्सफॅट हवी, आणि ८० जीबीहून जास्त मोकळी.

---

पेटीतली_पेटी

प्रश्न २: हो, चालतं. वर काढलेली डिस्कची प्रत, म्हणजे इमेज फाइल, मिळाली की व्हर्च्युअलबॉक्सच्या (संगणकाच्या आत आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) 'व्हीबॉक्समॅनेज कन्व्हर्टफ्रॉमरॉ' ने तिची व्हीडीआय, म्हणजे आभासी डिस्कची, फाइल करा. मूळ इमेज बाजूला राहू द्या, प्रयोग व्हीडीआयवर.

मशीन असं बनवा: प्रकार विंडोज एक्सपी ३२ बिट, रॅम १ जीबी, प्रोसेसर एकच, ईएफआय बंद. डिस्क साटा कंट्रोलरला जोडू नका, आयडीईला जोडा. व्हर्च्युअलबॉक्स एक्सपीसाठी कधी काय सुचवेल त्यावर विसंबू नका, स्वतः बघा.

तरीही पहिल्यांदा निळा पडदा आणि ०x७बी येण्याची शक्यता बरीच. अर्थ एवढाच की एक्सपीला फक्त जुन्या मदरबोर्डच्या आयडीई चिपची ओळख आहे, इथली चिप परकी. कंट्रोलरचा प्रकार पीआयआयएक्स४ वरून आयसीएच६ करून बघा. जुना बोर्ड व्हीआयए किंवा एसआयएसचा असेल तर तेवढ्याने भागत नाही. मग एक्सपीची सीडी लावून रिपेअर इन्स्टॉल: पहिल्या पडद्यावर आर दाबायचा नाही (तो रिकव्हरी कन्सोल), एंटर दाबायचा, एफ८ ने करार मान्य करायचा, जुनी विंडोज सापडली की तिथे आर. प्रोग्राम आणि फॉण्ट जागेवर राहतात. सीडी सर्व्हिस पॅक ३ चीच हवी.

नव्या संगणकात एएमडी प्रोसेसर असेल आणि सुरू होताना वेगळाच निळा पडदा आला, तर रिकव्हरी कन्सोलमध्ये जाऊन 'डिसेबल इंटेलपीपीएम'. ती सेवा इंटेल प्रोसेसरच्या वीजबचतीची, इथे तिचं काही काम नाही.

सगळं चालतंय पण रांगतंय, आणि खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतंय? मग विंडोज ११ चं कोअर आयसोलेशन, म्हणजे 'मेमरी इंटिग्रिटी', आड येतंय. ते बंद केलं की सहसा कासव जातं. संगणकाची एक सुरक्षा त्यात कमी होते, तेव्हा वेग खरंच असह्य असेल तरच.

एक्सपी परत अ‍ॅक्टिव्हेशन मागेल, हार्डवेअर बदललं म्हणून तीन दिवसांची मुदत देतं. संगणकासोबत आलेला ओईएम परवाना त्या मदरबोर्डपुरताच असतो हे लक्षात ठेवा. रिटेल परवाना असेल तर प्रश्न नाही.

नेटवर्क अडॅप्टर काढूनच टाका. एक्सपीचा नियमित पाठिंबा ८ एप्रिल २०१४ ला संपला. फाइलींची ने-आण व्हर्च्युअलबॉक्सच्या शेअर्ड फोल्डरने करा. कोणी सांगेल की विंडोज ११ वर एसएमबी १ (नेटवर्कवर फाइल वाटपाची जुनी पद्धत) चालू केलं की एक्सपी नेटवर्कवर दिसतं. दिसतं खरं, पण २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच दाराने पसरला होता.

ड्राइव्हची अक्षरं बदलू नका. पेजमेकर मोठी चित्रं फाइलीत साठवत नाही, त्यांचा पत्ता साठवतो. कामं डी वर होती तर इथेही डी वरच, नाहीतर प्रत्येक अंक उघडताना चित्र कुठे आहे ते विचारत बसेल.

---

पंचवीस_पिना

प्रश्न ३: नाही चालणार. यूएसबी ते पॅरलल केबल स्वतःला प्रिंटर म्हणून सांगते. डोंगलचा ड्रायव्हर ०x३७८ या पत्त्यावर थेट पोर्टशी बोलायला जातो, आणि त्या केबलमागे तो पत्ताच नसतो. पीसीआय एक्स्प्रेसचं पॅरलल कार्ड खरं पोर्ट देतं, पण पत्ता भलताच मिळतो. काही ड्रायव्हर तो शोधतात, काही ३७८ वरच अडून बसतात. शिवाय विंडोज ११ मधून ते पोर्ट व्हर्च्युअल मशीनच्या आत नेणं हा वेगळाच वनवास. त्यावर पैसे घालू नका.

करायचं काय? पॅकेजवाल्यांना फोन करा, परवान्याचा क्रमांक आणि जुनं डोंगल हाताशी ठेवून. पॅरललच्या बदल्यात यूएसबी डोंगल मिळतं का विचारा. मिळालं तर व्हर्च्युअल मशीनमध्ये यूएसबी २.० निवडा, ३.० नको, कारण एक्सपीकडे त्याचा ड्रायव्हर नाही. यूएसबी फिल्टरही लावून ठेवा, म्हणजे डोंगल लावताच ते आतल्या एक्सपीकडे जाईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डोंगल लागतं ते *टाइप करायला*. पेजमेकरला स्वतःला ते लागत नाही. फॉण्ट कंट्रोल पॅनेलच्या फॉण्ट्स फोल्डरमध्ये दिसत असतील, तर डोंगल नसतानाही जुनी फाइल उघडते, छापता येते, पीडीएफ होते. म्हणजे ११ जीबी डोंगलवर अडलेले नाहीत. रोजच्या टायपिंगची सोय हा वेगळा प्रश्न, त्याची घाई नाही.

---

खिळाजुळारी

मनापासून आभार. प्रत झाली: पहिल्या फेरीत जवळजवळ सगळं आलं, दुसरीनंतर ३ एमबीच्या आसपास वाचता आलं नाही. ०x७बी आला, रिपेअर इन्स्टॉलने गेला. पेजमेकर उघडतो, फॉण्टही आहेत. पण दोन अडचणी. प्रिंटर नाही म्हणून पेजमेकर कुरकुरतो. आणि एका फुकटच्या पीडीएफ प्रिंटरने पान काढलं तर संस्थेचं बोधचिन्ह फुटलेलं आलं आणि काही ओळी खालच्या पानावर सरकल्या.

---

निगेटिव्ह_पॉझिटिव्ह

बोधचिन्ह ईपीएस (पोस्टस्क्रिप्टमधलं चित्र) आहे, पैज लावतो. साध्या प्रिंटरवर पेजमेकर ईपीएसचं आतलं चित्र पाठवत नाही, पडद्यावर दाखवायचं जाडंभरडं पूर्वचित्र पाठवतो. पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची भाषा समजणारा प्रिंटर हवा. तो विकत घ्यायचा नाही: ॲड प्रिंटर, लोकल, पोर्ट 'फाइल', उत्पादक 'जेनेरिक', आणि 'एमएस पब्लिशर इमेजसेटर'. एक्सपीतच आहे. डिफॉल्ट करून टाका, कुरकुर थांबेल.

मग प्रिंटच्या खिडकीत या प्रिंटरची पीपीडी (वर्णनाची फाइल) निवडा, ऑप्शन्समध्ये 'राइट पोस्टस्क्रिप्ट टू फाइल' आणि फॉण्ट डाउनलोडला 'पोस्टस्क्रिप्ट अँड ट्रूटाइप'. तयार झालेली पीएस फाइल शेअर्ड फोल्डरमधून बाहेर आणा आणि डिस्टिलर किंवा घोस्टस्क्रिप्टने प्रीप्रेस सेटिंगवर पीडीएफ करा. ॲक्रोबॅटमध्ये कंट्रोल डी, फॉण्ट्सचा टॅब: प्रत्येक फॉण्टपुढे 'एम्बेडेड' किंवा 'एम्बेडेड सबसेट' हवंच. एखाद्याही नावापुढे ते नसेल तर दुसऱ्या संगणकावर त्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसेल.

ओळी सरकल्या त्याचं कारण डॉक्युमेंट सेटअपमधला 'कम्पोज टू प्रिंटर'. पेजमेकर ज्या प्रिंटरसाठी मजकूर जुळवतो त्याच्या मापांनी ओळी तुटतात. प्रिंटर बदलला, पुन्हा जुळवलं, ओळ हलली. जुना अंक काढताना आधी छापील प्रतीशी शेवटचं पान जुळवून बघा, तिथे फरक लगेच कळतो.

फाइल उघडताना रडत असेल तर 'सेव्ह' नको, 'सेव्ह ॲज' करून नव्या नावाने ठेवा. साधं सेव्ह बदल शेपटीला जोडत जातं आणि फाइल फुगते, सेव्ह ॲज ती नव्याने लिहितं.

आणि जिथे पुढे फेरबदल लागणार त्या फाइली इनडिझाइनमध्ये (ॲडोबीच्या पेजमेकरनंतरच्या प्रोग्राममध्ये) न्यायच्या असतील तर सीएस६ पर्यंतच्याच आवृत्तीत. सीसीपासून पुढे पेजमेकरच्या फाइली उघडत नाहीत. तिथून आयडीएमएल (नव्या आवृत्त्यांना उघडता येणारी फाइल) काढून पुढे न्या. जुने टाइप १ फॉण्ट असतील तर तेही बघून ठेवा, ॲडोबीने त्यांचा आधार जानेवारी २०२३ मध्ये काढला.

---

पहिली_वेलांटी

प्रश्न ४ राहिला होता.

जुन्या फॉण्टात अक्षरांचा कोड नसतो, आकारांचा असतो, आणि आकार डोळ्याला दिसतात त्या क्रमाने ठेवलेले असतात. 'निर्मिती' घ्या. फाइलीत क्रम असा: पहिली वेलांटी, न, पहिली वेलांटी, म, रफार, त, दुसरी वेलांटी. युनिकोडला हवं न, वेलांटी, र, हलन्त, म, वेलांटी, त, दुसरी वेलांटी. म्हणजे वेलांटी व्यंजनाच्या, जोडाक्षर असेल तर अख्ख्या जोडाक्षराच्या, मागे न्यायची आणि रफार पुढे आणायचा. बदली-तक्ता लावून 'शोधा आणि बदला' करणारे इथेच आपटतात. तपासायला 'कीर्ती', 'मूर्तिकार', 'स्थिती', 'वर्षातून' हे शब्द पुरतात.

दुसरा खड्डा अस्सल मराठी. हिंदीवर बेतलेले कन्व्हर्टर चंद्रकोरीसारखा अर्धा र ओळखत नाहीत आणि त्याचा रफार करून टाकतात. 'दऱ्या'चं 'दर्या' होतं, 'आचाऱ्यांना'चं 'आचार्यांना'. शब्दकोशात दोन्ही शब्द आहेत, त्यामुळे स्पेलचेक गप्प बसतो. युनिकोडमध्ये तिथे नुक्त्याचा ऱ (यू+०९३१), हलन्त आणि पुढचं व्यंजन हवं. बदललेल्या मजकुरात '-ऱ्या', '-ऱ्हा' एकदाही सापडलं नाही तर कन्व्हर्टर चुकीचा आहे असं समजा.

मजकूर पेजमेकरमधून बाहेर काढताना साध्या टेक्स्टमध्ये काढू नका. आरटीएफ काढा, कारण त्यात फॉण्टचं नाव टिकतं. साध्या टेक्स्टमध्ये मराठी फॉण्टातला मजकूर आणि टाइम्समधलं इंग्रजी सारखंच दिसतं, आणि मग वेबसाइटचा पत्ताही देवनागरी होऊन बाहेर पडतो. कन्व्हर्टर फॉण्ट बघून तेवढाच तुकडा बदलणारा हवा. एकाच घराण्याच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांत आकारांची मांडणी वेगळी असू शकते, त्यामुळे तक्ता तुमच्याच फॉण्टचा आहे ना ते एका परिच्छेदावर पाहून मगच पुढे जा.

वर्डमध्ये उघडण्याआधी ऑटोकरेक्ट पूर्ण बंद. वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करणं आणि सरळ अवतरणं वाकडी करणं, ही दोन्ही जुन्या फॉण्टात *अक्षरच बदलतात*. मधल्या मध्ये एखादं अक्षर सगळीकडून गायब झालेलं दिसलं तर कोड १६० आणि १७३ बघा. हे नेहमीच्या तक्त्यात न तुटणारी मोकळी जागा आणि अदृश्य जोडरेघ आहेत, आणि मजकूर स्वच्छ करणारे प्रोग्राम त्यांना कचरा समजून उडवतात. जुन्या फॉण्टांनी मात्र तिथेही आकार बसवलेले असतात.

युनिकोड मजकूर इनडिझाइनमध्ये ओतल्यावर वेलांट्या सुट्या पडल्या तर परिच्छेदाचा कम्पोझर 'वर्ल्ड-रेडी' करा. टायपिस्टची बोटं टाइपरायटरला सरावलेली असतील तर इन्स्क्रिप्ट मांडणी लादू नका, युनिकोडसाठी रेमिंग्टन मांडणीचे कीबोर्ड आहेत.

सगळे ११ जीबी बदलत बसू नका. पत्रिकांची पीडीएफ काढून ठेवा, दरवर्षी तोच साचा लागणारे अहवाल आधी घ्या.

---

चकती_डॉक्टर

न वाचलेले ३ एमबी कुठल्या फाइलींत गेले ते शोधता येतं. उबुंटूच्या जीडीडीरेस्क्यू पॅकेजसोबतच 'डीडीरेस्क्यूलॉग' येतं. मॅप फाइल त्याला दिली की खराब ब्लॉकांची यादी देतं. त्यातला सेक्टर क्रमांक घ्या, त्यातून त्या विभागाचा आरंभ-सेक्टर वजा करा ('एफडिस्क मायनस एल' ने कळतो, एक्सपीत पहिल्या विभागाचा बहुधा ६३ असतो), आणि 'एनटीएफएसक्लस्टर मायनस एस' ला द्या, फाइलीचं नाव मिळेल. विभाग फॅट३२ असेल तर ही युक्ती लागू नाही. व्हीडीआयची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवली का?

---

खिळाजुळारी

ठेवली, दोन ठिकाणी. विभाग एनटीएफएस आहे. नावं काढून पाहिली: बहुतेक विंडोजच्या पेजफाइलमध्ये, एक जुनी पत्रिका आणि एका स्मरणिकेची एक टिफ. टिफचा फोटो मूळ कागदावर आहे, परत स्कॅन करतो. यूएसबी डोंगलबद्दल सोमवारी फोन करणार.