नर्सिंगच्या मुलींना ‘आरोग्य’ म्हणजे काय ते कळतं का?

उपकेंद्र ते वॉर्ड:
काल इथे एकाने लिहिलं, “नर्सिंगच्या मुलींना आरोग्याची व्याख्या पाठ असते, पण अर्थ विचारला की ‘आजार नसणं’ एवढंच सांगतात. पोरी अभ्यासच करत नाहीत.” हे वाचून गप्प बसवत नाही.

अभ्यास करतात हो. “शारीरिक, मानसिक आणि सामाजिकदृष्ट्या संपूर्ण सुस्थिती, केवळ रोगाचा किंवा दुबळेपणाचा अभाव नव्हे” हे जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेतलं १९४६चं वाक्य कम्युनिटी हेल्थ नर्सिंगच्या पेपरात स्वल्पविरामासकट लिहितात. मग वॉर्डात जातात. हॅन्डओव्हर, बेड मेकिंग, टीपीआर (ताप, नाडी, श्वास), बीपी, औषधं, राऊंड. विचारणा कशाची होते? ताप उतरला का, लघवी किती झाली, ड्रेसिंग झालं का. ‘सामाजिक’ हा शब्द अख्ख्या पाळीत कुणाच्या तोंडून निघत नाही. चार्टवरचे आकडे जागेवर आले की पेशंट बरा, हा अर्थ वॉर्डच त्यांना शिकवतो.

तो अपुरा का पडतो ते बघा. शेतमजूर बाईला ३०/७० मिश्र इन्सुलिन (जलद आणि संथ इन्सुलिन एकत्र) सुरू झालं. वॉर्डात सातला सुई, साडेसातला नाश्ता. साखर आटोक्यात आली, डिस्चार्ज मिळाला. घरी सुई सातलाच, पण भाकरी अकराला बांधावर. दहाच्या सुमारास साखर उतरून दरदरून घाम, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. बाई म्हणते “सुईनंच चक्कर येते” आणि सुई बंद करून टाकते. डोस बरोबर होता, टोचायची पद्धत बरोबर होती. “पहिला घास किती वाजता खाता?” एवढं विचारायचं राहिलं.

रात्रपाळी:
पटलं नाही. विद्यार्थिनीला आधी आजार ओळखता आला पाहिजे. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी बाई म्हणते “बरं वाटतंय”, आणि नाडी १२०, श्वास २८, बीपी ९०/६०, म्हणजे तब्येत ढासळतेय. तिथे तिच्या बरं वाटण्यावर विसंबायचं का? आणि खरं दुखणं तर वेगळंच आहे. टीपीआर चार्ट उघडा, श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत २०, २०, २०. श्वास मोजलेलाच नसतो. नाडीवर बोट तसंच ठेवून, पेशंटला न सांगता, पूर्ण एक मिनिट छातीची हालचाल बघायची असते. ‘आजार नसणं’ हे तरी धड कळू द्या, सुस्थितीचं नंतर बघू.

शब्दांचा नाद:
मुलींचं उत्तर मराठीत तंतोतंत बरोबर आहे. रोग नसलेला तो अरोग, त्यावरून आरोग्य. व्याख्या म्हणते ‘केवळ रोगाचा अभाव नव्हे’ आणि शब्द म्हणतो तोच अभाव. ‘स्वास्थ्य’ म्हणजे स्वतःत स्थिर असणं, तो शब्द जास्त जवळचा होता. आणि गावात “तुमचं आरोग्य कसं आहे?” असं विचारतं कोण? “तब्येत बरी आहे ना?” म्हणतात, आणि उत्तर येतं, “हातपाय चालतायत.” हीच लोकांची व्याख्या, कामावरून ठरणारी. ‘संपूर्ण’ सुस्थिती धरली तर चष्मा लावणारा माणूससुद्धा निरोगी ठरत नाही. माख्टेल्ड ह्यूबर या डच संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली हाच आक्षेप घेतला आणि जुळवून घेण्याची, स्वतःला सांभाळण्याची क्षमता पुढे आणली.

लाल गोळी:
सांभाळण्याचंच बोलायचं तर गरोदर बाईची लोहाची गोळी घ्या. ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड, चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस. विद्यार्थिनी कार्डावर ‘गोळ्या दिल्या’ लिहिते आणि तिच्यापुरतं आरोग्य पूर्ण होतं. घरी गोळी चहासोबत जाते आणि चहातल्या टॅनिनमुळे लोह अंगी लागत नाही. त्यात शौचाला काळं झालं की सासूबाई म्हणतात, “बंद कर.”

रात्रपाळी:
गोळी रिकाम्या पोटी घ्यावी, तेव्हाच ती नीट शोषली जाते. हे तरी शिकवतात का?

लाल गोळी:
शोषली जाते हो, पण मळमळतं, आणि चौथ्या दिवशी पाकीट फळीवर पडतं. म्हणून जेवणानंतर तासाभराने, शक्यतो रात्री झोपताना, लिंबूपाण्यासोबत. कॅल्शियमची गोळी सकाळच्या आणि दुपारच्या जेवणासोबत. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर हवं. दोन्ही पाकिटं एकदम हातात देऊन “रोज घ्या” सांगितलं की बाई दोन्ही एकदमच गिळते.

रात्रपाळी:
आणि हिमोग्लोबिन ९ असेल तर? तेव्हा दोन गोळ्या लागतात. सातच्या खाली गेलं तर गोळीवर न थांबता मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. हे आकडेच आहेत ना? आकड्यांना नावं ठेवून कसं चालेल?

उपकेंद्र ते वॉर्ड:
आकड्यांना कुणी नावं ठेवली? वाचा तरी नीट. नऊवरून हिमोग्लोबिन वाढलं नाही तर आकडा एवढंच सांगतो की काहीतरी चुकतंय. चहा, सासूबाई की मळमळ, ते बाईलाच विचारावं लागतं. तोच तो ‘सामाजिक’ शब्द. केअर प्लॅनमध्ये, म्हणजे पेशंटची अडचण आणि त्यावरची काळजी लिहायच्या कागदावर, मात्र सगळ्या जणी अडचण म्हणून एकमेकींच्या फाईलमधून ‘माहितीचा अभाव’ उतरवून काढतात आणि त्यावर सही होते!

रात्रपाळी:
सही करणाऱ्यांना बोला मग, मुलींना नको.

उपकेंद्र ते वॉर्ड:
पहिल्या ओळीपासून तेच बोलतोय. केअर प्लॅनला तीन प्रश्न जोडा: पहिला घास किती वाजता, कोणतं रोजचं काम अडलंय, घरी गोळी किंवा सुई कोण देतं. उत्तर पेशंटच्याच शब्दांत लिहायचं.

रात्रपाळी:
तीन जास्त होतात, साठ खाटांना दोन सिस्टर असतात. काम अडल्याचा प्रश्न ठेवा, तो मान्य. घासाचा फक्त इन्सुलिनवाल्यांना विचारा. आणि हे सगळं श्वास पूर्ण मिनिट मोजून झाल्यावर.