मदत हवी आहे: नाताळच्या सुट्टीत हुरडा पार्टी आणि अजून एखादी छोटी सहल, लवकर सांगा प्लीज

घाईत_गौरी | शनि, २१ डिसेंबर २०२४, सकाळी १०:४०
नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात सगळे येतायत आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसता गोंधळ चाललाय, एक म्हणतो हुरडा, दुसरा म्हणतो महाबळेश्वर, तिसरा म्हणतो कशाला दगदग घरीच पत्ते खेळू. मला हुरडा पार्टीची चांगली जागा हवीये, गुरुवारी जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशी. आणि अजून एखादी छोटी ट्रिप. जागा स्वच्छ पाहिजे, बजेटचा फार इश्यू नाही पण लुटायला पण नको. इथले जुने धागे वाचले, त्यातले निम्मे नंबर लागतच नाहीत. ड्रायव्हरला आजच सांगायचंय, त्यामुळे लवकर प्लीज.

टेकडीवरचा_वारा | १०:५२
निघणार कुठून? सगळे म्हणजे किती? लहान मुलं, म्हातारी माणसं? गाडी कुठली? ताई, ड्रायव्हरला तरी हे सांगितलंय ना?

बार्शीचा_बाळू | १०:५८
डिसेंबरात कसला आलाय हुरडा. खरा हुरडा जानेवारीत, संक्रांतीच्या पुढेमागे. त्यात यंदा पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळला, पेरण्या मागे पडल्या. पुण्याच्या आसपास पर्यटकांसाठी पाणी देऊन आधीच लावतात, आकार हुरड्याचा, चव पिठाची. गुळभेंडी ज्वारीचा दाणा दुधात असताना खाल्लेला माणूस हे तोंडात धरणार नाही. आमच्याकडे या, सोलापूर जिल्ह्यात.

निवृत्त_इंजिनियर | ११:०५
महाबळेश्वरला जायचे असल्यास पहाटे पाचला घर सोडावे. नाताळच्या आठवड्यात नऊनंतर पसरणी घाटात गाडी मुंगीच्या पावलाने जाते. येताना पाचगणीच्या अलीकडे भिलारला थांबावे, पुस्तकांचे गाव आहे, २०१७ साली सुरू झाले, घराघरात पुस्तके ठेवली आहेत, बसून वाचू देतात. स्ट्रॉबेरी रस्त्यावर घेऊ नये, वरचा थर चांगला असतो, खालचा बघून घ्यावा.

घाईत_गौरी | ११:२०
पुण्याहूनच हो, कोथरूड. मी लिहिलं नव्हतं का? आम्ही तेरा जण, टेम्पो ट्रॅव्हलर ठरवलीये. दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं न्यू जर्सीहून, नणंद आणि फॅमिली नागपूरहून, सासूबाई, आणि आम्ही. काका, महाबळेश्वर नाही म्हटलंय ना, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, इतका वेळ गाडीत बसवत नाही त्यांना.
बाळू दादा, बार्शी फार लांब पडतं, तेरा जणांना घेऊन एका दिवसात कसं होणार.

टेकडीवरचा_वारा | ११:२६
गुडघा हा मुद्दा पहिल्या पोस्टमध्ये हवा होता. बुकिंग करताना पहिला प्रश्न कमोड आहे का आणि पार्किंगपासून आगटी, म्हणजे हुरडा भाजायचा खड्डा, किती लांब. बऱ्याच ठिकाणी आगटीभोवती पोती टाकून खाली बसवतात, खुर्च्या मागून घ्याव्या लागतात. दुसरा प्रश्न, हुरडा त्याच दिवशी तोडलेला की फ्रीजमधला. तिसरा, 'अनलिमिटेड' म्हणजे फक्त हुरडा का दुपारचं जेवण धरून. आमच्याकडून गेल्या वर्षी जेवणाचे वेगळे लावले होते.

पोपटीवाला_अलिबाग | ११:४०
हुरड्याचं कौतुक पुरे आता. एकदा पोपटी खाऊन बघा. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा आणि जाडं मीठ, चिकन असेल तर मसाला लावून केळीच्या पानात बांधून, वर परत पाला, मडकं उपडं करायचं आणि भोवती जाळ. पाणी नाही, तेल नाही. पाल्याचा जो वास लागतो शेंगांना त्याला तोड नाही.

भरीत_आणि_भाकरी | ११:४७
पोपटी ठीकय पण थंडीची खरी पार्टी म्हणजे खान्देशातली भरीत पार्टी. शेतात कपाशीच्या काड्यांवर भाजलेली जळगावची हिरवी वांगी, बडगीत ठेचलेलं भरीत, कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. गॅसवर भाजलेल्या वांग्याला आम्ही भरीत म्हणतच नाही.

पोपटीवाला_अलिबाग | ११:५१
वांगं ते वांगंच. तुम्ही काडीवर भाजा नाहीतर चंदनावर.

घाईत_गौरी | ११:५८
अहो हुरडा!! पुण्याजवळ!! गुरुवारी!!

मावशीचा_डबा | दुपारी १२:१५
गौरी, गुरुवारी म्हणजे २६ ला ना गं? त्या दिवशी सफला एकादशी आहे. आणि मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, अमावस्या ३० ला आहे म्हणजे उद्यापन त्याच दिवशी. तुझ्या सासूबाई महालक्ष्मीचे गुरुवार करत असतील तर त्या येणार कशा आणि आल्या तरी हुरडा खाणार का? ज्वारी आहे ती. रताळं आणि शेंगा खात बसतील बिचाऱ्या आगटीपाशी.

घाईत_गौरी | १२:४०
सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "मी सांगणारच होते, मला कोणी विचारलं का?" संध्याकाळी हळदीकुंकू पण आहे म्हणे, पाच बायकांना बोलावून झालंय. म्हणजे गुरुवार गेला. आता शनिवार की रविवार?

निवृत्त_इंजिनियर | १२:४८
शनिवार-रविवारी महाबळेश्वर टाळावे.

सासवडची_सून | दुपारी १:०५
शनिवार रविवार दोन्ही दिवस हुरड्याच्या जागांवर लग्नाच्या पंगतीसारखी गर्दी असते, आगटीजवळ जागा धरायला रुमाल टाकतात लोक. शुक्रवारी २७ ला जा. आणि नगर रोडला शिक्रापूर-शिरूरकडे जाण्यापेक्षा सुप्याकडे जा. हडपसर, यवत, चौफुला, तिथून आत सुपे. सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, छोटंसंच, पण चिंकारा दिसतात, सकाळी लवकर गेलात तर गाडीतूनच दिसतात म्हणजे गुडघ्याचा प्रश्न नाही. तिथून मोरगाव जवळ, मयूरेश्वराचं दर्शन, मग हुरडा, संध्याकाळी घरी. त्या पट्ट्यात शेतावर हुरडा करणारे बरेच आहेत, मी दोन नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

पेन्शनर_पंढरी | १:१५
चौफुल्याला गाडी थांबवू नका, घरातली पुरुष मंडळी "चहा घेऊन येतो" म्हणून लावणीच्या कला केंद्राकडे वळतील 😄 (हलके घ्या)

मावशीचा_डबा | १:२२
पंढरीकाका!

किल्लेदार७७ | १:३०
सुपे-मोरगाव करताय तर सोमवारी जा की, गर्दी नसते, येताना जेजुरी पण होईल. आम्ही नेहमी सोमवारीच करतो.

सासवडची_सून | १:३८
किल्लेदार, या सोमवारी चुकूनही नको. ३० ला सोमवती अमावस्या आहे. जेजुरीला सोमवतीची यात्रा, खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला जाते, सगळा रस्ता भंडाऱ्याने पिवळा. बघायचीच असेल तर जरूर जा, आयुष्यात एकदा बघावी अशी असते, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईंना आणि अमेरिकेच्या मुलांना टेम्पो ट्रॅव्हलरमधून त्या गर्दीत नेणं म्हणजे... असो.

किल्लेदार७७ | १:४४
मान्य. मग ३१ किंवा १ ला नगर रोडला?

टेकडीवरचा_वारा | १:५२
१ जानेवारीला पेरणे फाट्याला विजयस्तंभाच्या अभिवादनाला लाखो लोक येतात, आदल्या दिवसापासूनच नगर रोडची वाहतूक वळवतात. तिकडच्या जागा त्या दोन दिवसांसाठी डोक्यातून काढा. एकूण शुक्रवारच उरतोय.

बार्शीचा_बाळू | २:०३
शुक्रवारी जावा नाहीतर रविवारी, हुरडा कोवळाच नसेल तर काय उपयोग. कणीस हातावर चोळून दाणा पटकन सुटला आणि दाबल्यावर दूध आलं तर तो हुरडा. दाणा कडक झाला की त्याला हुरडा म्हणून विकणं बंद केलं पाहिजे. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेला पाहिजे, गॅसच्या भट्टीवरचा नको. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, घट्ट दही. शेव आणि चाट मसाला हे पुणेकरांचे लाड.

घाईत_गौरी | २:२०
ओके शुक्रवार फायनल करतेय जवळजवळ. एक विचारायचं राहिलं. धाकट्या पुतण्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. तर चटणी नाही खायची एवढंच ना? बाकी हुरडा चालेल ना त्याला?

टेकडीवरचा_वारा | २:२४
ताई!!! हे आत्ता सांगताय?

डॉ_सुट्टीवर | २:४०
एवढंच नाही. हुरड्याच्या जागी भुईमुगाच्या शेंगाही त्याच आगटीत भाजतात. चोळणारी बाई त्याच हाताने शेंगाही चाळवते, चटणीचा चमचा दह्यात जातो, गुळाच्या ताटलीत चिक्की असते, दुपारच्या भाजीत कूट असतं. लहान मुलं कोणी काही दिलं की तोंडात टाकतात. तेव्हा आधी जाऊबाईंना विचारा की अ‍ॅलर्जी किती तीव्र आहे आणि त्यांच्या डॉक्टरांनी काय काय टाळायला सांगितलंय. अ‍ॅड्रेनॅलिनचं पेन दिलेलं असेल तर ते त्याच्याजवळच्या माणसाच्या खिशात पाहिजे, गाडीतल्या बॅगेत नको. आणि जवळचं मोठं हॉस्पिटल कुठे ते निघण्याआधी बघून ठेवा.

बार्शीचा_बाळू | २:५१
शेंगदाण्याच्या चटणीशिवाय हुरडा म्हणजे काय मजा. आमच्यात लहानपणापासून खातात सगळे, कोणाला काही होत नाही. हे सगळं तिकडच्या पॅकेटमधल्या खाण्यामुळे.

डॉ_सुट्टीवर | २:५५
बाळूभाऊ, ज्या मुलाला होतं त्याला होतं. इथे "सवय लावा, होईल" असला सल्ला कृपया देऊ नका. त्या पोराचा जीव जाऊ शकतो.

मावशीचा_डबा | ३:०८
+१ डॉक्टर. गौरी, चटण्या घरून ने. लसूण-खोबऱ्याची कर, जवसाची कर, कारळ्याची कर. पण विकतची आणू नकोस, त्यात कूट घालतात बरेचजण. आणि घरच्या मिक्सरच्या भांड्यात कूट करत असशील तर ते भांडं नको, नवीन किंवा शेजारचं आण, शेजारचीलाही विचार ती त्यात काय करते. मुलाला हुरडा वेगळा भाजून घ्या, सगळ्यात आधी, शेंगा आगटीत पडायच्या आत.

भरीत_आणि_भाकरी | ३:१५
भरीत पार्टीचं परत सांगतो. आमच्या काही घरी भरतात दाणे भाजून घालतात पण न घालताही करता येतं. मुलगा निवांत खाईल.

पोपटीवाला_अलिबाग | ३:१९
आमच्या पोपटीत दाणे नसतातच. फक्त सांगतोय.

वसईचा_पाहुणा | ३:३०
विषय निघालाच आहे म्हणून, नाताळ म्हणजे नुसता हुरडा नव्हे. वसईला २४ च्या रात्री या. घराघरावर कंदिलासारखे तारे, कोपऱ्याकोपऱ्यावर येशूजन्माचे गोठे, गवत आणि माती लावून तरुण पोरं आठवडाभर राबून करतात. मध्यरात्रीची मिस्सा मराठीत ऐकायला मिळते. परदेशातून आलेल्या मुलांना हे दाखवा, त्यांना वाटतं नाताळ फक्त त्यांच्याकडेच असतो.

घाईत_गौरी | ३:४५
वसई छान वाटतंय पण ती लोकं २४ ला पहाटेच उतरतायत, जेटलॅगमध्ये झोपलेलीच असणार. दुसरी छोटी ट्रिप अजून ठरायचीये. भिगवणचं कोणी सांगेल का, रविवारी? फ्लेमिंगो दिसतील?

पाखरू | ४:१०
यंदा उजनी धरण काठोकाठ भरलंय. रोहितला म्हणजे फ्लेमिंगोला उथळ पाणी आणि चिखल लागतो, पाणी उतरल्याशिवाय मोठे थवे यायचे नाहीत. जानेवारी अखेर ते मार्च बरं. आत्ता गेलात तर पट्टकादंब, चक्रवाक, शराटी, बगळे असं पुष्कळ काही दिसेल, फक्त "फ्लेमिंगो दाखवतो" म्हणून मुलांना नेऊ नका, रडारड होते. कुंभारगावहून नावेत बसायला काठावरून उतरावं लागतं, तेव्हा सासूबाईंसाठी काठावरच खुर्ची टाका. होडीवाल्याला पक्ष्यांच्या अगदी जवळ न्यायला सांगू नका, थवा उठवून फोटो काढायची घाण सवय लागलीये लोकांना.

पेन्शनर_पंढरी | ४:२२
भिगवणला चिलापी फ्राय. पक्षी दिसो न दिसो.

घाईत_गौरी | रात्री ९:१५
शुक्रवार ठरला. सासवडची_सून, तुम्ही दिलेल्यातला दुसरा नंबर लागला, खूप आभार. कमोड एकच आहे पण आहे, खुर्च्या देतो म्हणाले, गाडी आगटीपर्यंत जाते. शेंगदाण्याचं सांगितलं तर "काही काळजी करू नका मॅडम, आम्ही चटणीत कमी घालू" असं उत्तर आलं 🤦 तेव्हा चटण्या घरूनच, आणि जाऊ म्हणाली त्याचा डबाच वेगळा नेऊ, तो हुरडा फक्त बघेल, दोन पेनं तिच्या पर्समध्ये असतात नेहमी. थोरल्याला चिंकाऱ्यातच जास्त इंटरेस्ट आहे. रविवारचं अजून लटकलंय, नागपूरवाले म्हणतायत कॅम्पात फिरू आणि केक खाऊ, मला तेच बरं वाटतंय.

सासवडची_सून | ९:३०
पुतण्याने कणसं स्वतः तोडली तरी खूश होईल. साडेसहाला निघा, अभयारण्यात ऊन चढायच्या आत पोचायला हवं. स्वेटर घ्या, सुप्याच्या माळावर सकाळी वारा झोंबतो.

निवृत्त_इंजिनियर | ९:४२
रविवारी कॅम्पात पार्किंग मिळणार नाही. गाडी लांब लावून रिक्षा करावी.

मावशीचा_डबा | ९:५०
तेरा जणांना किती रिक्षा हो काका?

भरीत_आणि_भाकरी | १०:०५
जवसाच्या चटणीत लसूण कच्चा घालू नका, भाजून घाला. आणि जवस मंद आचेवर, तडतडायला लागले की लगेच उतरवा, नाहीतर कडू होते.