मदत हवी आहे: किल्लारीच्या खाली पाणी की ग्रॅफाइट?

मंडळी, एमएस्सीच्या प्रकल्पासाठी किल्लारीच्या (जि. लातूर) भूकंपावर वाचतेय. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप भूपट्टाच्या (प्लेटच्या) कडेपासून इतक्या लांब झाला, तोही उथळ. तिथल्या मॅग्नेटोटेल्युरिक सर्वेक्षणात (नैसर्गिक विद्युत-चुंबकीय लहरी मोजून खालच्या खडकांचा विद्युतरोध काढतात) पृथ्वीच्या कवचात काही किलोमीटरवर विद्युतरोध कमी दिसतो. त्याचा अर्थ खडकात अडकलेलं पाणी असा लावतात. पाण्याच्या दाबाने भ्रंश (खडकातली मोठी भेग) घसरतो, हे पटतं. पण ग्रॅफाइटमधूनही (कार्बनचं खनिज) वीज सहज वाहते की! मग फरक कसा ओळखायचा? भूकंपलहरींच्या वेगाची जोड द्यायची का?

शिवाय किल्लारीच्या बोअरमध्ये ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली गाळाचा जेमतेम ८ मीटर थर. तो खालचं चित्र बिघडवतो का? आणि शेतपंपांच्या तारांचा ५० हर्ट्झचा गोंगाट (आमच्याकडे दिवसा वीज नसते, तेवढाच फायदा) कसा गाळतात?