एम.ए. इंग्रजी: शब्दयादी पाठ, तरी कादंबरी अडते

कोरा_समास: स्पर्धा परीक्षेची हजार शब्दांची यादी पाठ आहे, तरी एकोणिसाव्या शतकातली कादंबरी पानापानाला अडते. उत्तरात भारी शब्द घातले की खाली लाल रेघ. शब्दसंग्रह वाढवायचा तरी कसा?

पिवळं_पान: यादीतले अर्थ आजचे असतात, कादंबरीतले तिच्या काळचे. अनोळखी शब्द आपण कोशात बघतो तरी. दगा देतात ते ओळखीचे वाटणारे. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (१८१३) पाद्री कॉलिन्स आपल्या आश्रयदात्या लेडी कॅथरिनच्या ‘कॉन्डिसेन्शन’ची तोंड भरून स्तुती करतो. आजचा अर्थ, म्हणजे समोरच्याला कमी लेखणं, इथे लावला तर स्तुतीच उलटी पडते. तेव्हा वरच्या दर्जाच्या माणसाने खालच्याशी आपणहून सौजन्याने वागणं, असा चांगला अर्थ होता. तिथलाच ‘कॅन्डिड’ घ्या. एलिझाबेथ आपल्या बहिणीला, जेनला, कॅन्डिड म्हणते ती फटकळ म्हणून नव्हे, सगळ्यांचं चांगलं तेवढंच बघते म्हणून. शेक्सपिअरचा ‘प्रेझेंटली’ बहुधा ‘लगेच’ असतो आणि ‘व्हेअरफोर’ म्हणजे ‘का’, ‘कुठे’ नव्हे.

म्हणून कोश ऐतिहासिक हवा. ऑक्सफर्डचा मोठा कोश अर्थ काळाच्या क्रमाने, सालवार उदाहरणांसह देतो. विद्यापीठाच्या ग्रंथालयात लॉगिन आहे का विचारा. अठराव्या शतकासाठी जॉन्सनचा १७५५चा कोश नेटवर फुकट आहे. खिशातला इंग्रजी-मराठी कोश एक प्रतिशब्द देऊन मोकळा होतो.

पहिल्या वाचनात कोश उघडूच नका, पेन्सिलीने टिंब द्या. प्रकरण संपलं की ज्यांनी वाक्य अडवलं किंवा जे पुन्हा आले, असे पाच-सहाच शब्द उचला. कार्डावर पुस्तकातलं अख्खं वाक्य, शब्दाची जागा रिकामी. मागे अर्थ आणि साल. उजळणी दुसऱ्या, चौथ्या, दहाव्या दिवशी, मग महिन्याने.

उभी_रेघ: लाल रेघेचं कारण वेगळं आहे. अर्थ बरोबर असतो, जोडणी चुकते. ‘द पोएट पोर्ट्रेज दॅट...’ हे तर उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यागणिक सापडतं. ‘पोर्ट्रे’, ‘डिपिक्ट’, ‘इव्होक’ यांच्यापुढे नाम लागतं. ‘दॅट’ हवा असेल तर ‘सजेस्ट्स’ किंवा ‘इम्प्लाइज’ घ्या. ‘डिस्कस’पुढचा ‘अबाउट’ही काढा. विशेषण एकटं पाठ करू नका: ‘ॲब्जेक्ट’ (अत्यंत दयनीय) हा ‘पॉव्हर्टी’, ‘मिझरी’, ‘फेल्युअर’ यांच्यासोबत शिका. नाहीतर एखाद्या दिवशी ‘ॲब्जेक्ट हॅपिनेस’ लिहून बसाल.

कोरा_समास: शाळेतले अलंकार पाठ आहेत. त्यांचा काही उपयोग?

पिवळं_पान: उपमा, रूपक, अतिशयोक्ती, चेतनगुणोक्ती सरळ लागू पडतात. फक्त ‘आयरनी’ला ‘उपरोध’ म्हणून मोकळं होऊ नका. उपरोध हा बोलण्यातला टोमणा. ग्रीक नाटकातला ईडिपस आधीच्या राजाच्या खुन्याला शोधतो आणि खुनी तो स्वतःच, हे प्रेक्षकाला ठाऊक, त्याला नाही; ही आयरनीच, पण टोमणा कुणीच मारलेला नाही. ‘नाट्यगत’, ‘प्रसंगगत’, ‘शाब्दिक’ अशी तीन कार्डं वेगळी करा.