आशाताईंच्या फॉर्मवर 'हो'ची खूण होते. पुढे?

आकडेमोड्या
मुद्दा आधीच सांगतो, म्हणजे फाटे फुटणार नाहीत. आंघोळ, कपडे, संडास यासाठी दुसऱ्याचा हात लागतो अशी म्हातारी माणसं नाशिकमध्ये किती आहेत, याचा जाहीर आकडा हवा. महापालिकेच्या सहा विभागांचा वेगळा, जिल्ह्याच्या पंधरा तालुक्यांचा वेगळा. नवी पाहणी नको, समिती तर नकोच नको. प्रश्न आधीपासून विचारला जातोय.

बीपी-शुगरच्या सरकारी कार्यक्रमात आशा कार्यकर्ती तिशीवरच्यांचा एक फॉर्म भरते, त्याला सीबॅक म्हणतात. तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरात कुणाला शुगर आहे का, वगैरे. साठीच्या वर असाल तर आणखी काही प्रश्न. चालताना तोल जातो का, जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का, आणि जेवण, कपडे, आंघोळ, संडास यासाठी कुणाची मदत लागते का. या शेवटच्या प्रश्नावर झालेल्या 'हो'च्या खुणांची बेरीज कुठे आहे?

जाहीर होतं ते असं: इतक्यांची तपासणी, इतक्यांना उच्च रक्तदाब, इतके उपचाराखाली. म्हणजे दवाखान्यानं काय केलं ते. सत्तरीवरच्यांना ऑक्टोबर 2024 पासून वय वंदना कार्ड मिळतं, त्यातही किती कार्डं निघाली हे हौसेनं सांगितलं जातं. कार्ड पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं, पण भरती झालात तर. खुब्याचं हाड जोडून घरी आणल्यावर जे महिने जातात त्यांना कार्ड नाही आणि रकानाही नाही.

बाकीचे स्रोत चाळून झाले. एनएफएचएस-5 (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, 2019-21) मध्ये जिल्ह्याचं पत्रक आहे, पंधरा वर्षांवरच्यांचं बीपी-शुगर त्यात मिळतं. म्हातारीला उठवतं-बसवतं कोण, हे नाही. लासी ही वार्धक्यावरची राष्ट्रीय पाहणी. पहिली फेरी 2017-18 ची, 45 वर्षांवरची 72 हजार माणसं. देशात साठीवरच्यांपैकी साधारण 24 टक्क्यांना रोजच्या किमान एका कामात अडचण, असं त्यात निघालं. काम उत्तम आहे, पण राज्यापाशी थांबतं, जिल्ह्यात उतरत नाही. जनगणना 2011 ची, पुढची 2027 मध्ये. मग मी आपला ढोबळ हिशेब केला: 2011 ला जिल्ह्यात 61 लाख माणसं, राज्यात साठीवरचे दहा टक्क्यांच्या आसपास, त्यांचे 24 टक्के. दीड लाखाच्या जवळ जातं. एवढ्या माणसांबाबत आपलं सगळं अंदाजपंचे दाहोदरसे चाललंय.

पेठनाका
आकडा हवा म्हणणाऱ्यांनी एकदा कुणाचा तरी श्रावणबाळचा, म्हणजे गरीब म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शनचा, अर्ज भरून द्यावा. मी ओळखीच्यांचे भरून देतो.

वय 65 च्या पुढे, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 21 हजारांच्या आत. म्हणजे महिन्याला 1,750 झाले. योजनेतून मिळतात 1,500, म्हणजे वर्षाचे 18 हजार. ते मिळून म्हातारी 'गरीब' राहायची असेल तर वर्षभरात तीन हजार कमवायची मुभा! मग काय होतं? दाखल्यावर उत्पन्न 20 हजार. शेजारणीचं 20 हजार. समोरच्या ओळीचं 21 हजार. देणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला माहीत, टेबलावर शिक्का मारणाऱ्याला माहीत. उद्या कुणी हे दाखले गोळा करून 'नाशिक जिल्ह्यातील ज्येष्ठांचे उत्पन्न' असा अहवाल काढला तर तुम्ही तोही सरकारी आकडेवारी म्हणून इथे टाकाल.

आणि गंमत बघा, लाडकी बहीणला मर्यादा अडीच लाखांची, वय 65 पर्यंत. तीच बाई 66 व्या वर्षी श्रावणबाळच्या रांगेत आली की एकदम 21 हजार. एका वाढदिवसात सव्वादोन लाखांहून मोठी पायरी खाली. आकडे 'नीट' झाले की पहिला परिणाम एकच होतो, नावं कापली जातात. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो ती मोजणीच आहे की! अंथरुणावरचा माणूस तो दाखला द्यायला कसा जातो हे विचारा. मोजणीला गरीब माणूस घाबरतो ते उगाच नाही.

द्राक्षवाला
+1. आमच्या गावात कुणी वही घेऊन आलं की पहिला प्रश्न असतो, यादीतून नाव जाणार का?

आकडेमोड्या
पेठनाका, 21 हजारांबद्दल शंभर टक्के सहमत. पण तुम्ही दोन गोष्टी एकत्र कालवताय. लाभार्थ्यांची यादी वेगळी आणि बेरीज वेगळी. मला नाव, आधार काहीच नको. 'सिडको विभाग, साठीवरचे इतके फॉर्म, मदत लागते असे इतके' एवढंच. या ओळीतून कुणाचं नाव कापणार?

आणि 21 हजारांची मर्यादा हास्यास्पद आहे, हे तुम्ही सिद्ध कशानं केलंत? आकड्यानंच ना?

पेठनाका
मी ते रांगेत उभं राहून शिकलो, कुठल्या पोर्टलवर नाही.

फॉर्म_भरणारी
मी आशा आहे. तालुका सांगत नाही, समजून घ्या.

तुम्ही ज्या खुणेची बेरीज मागताय ती कशी होते ते सांगते. एका फॉर्मचे दहा रुपये. लसीकरण, गरोदर बायका, सर्व्हे, शिवाय मोबाइलमधलं ॲप, हे सगळं चालू असताना फॉर्म भरायचे. दारात उभी राहते. आजी आतल्या खोलीत खाटेवर, मला पाय दिसतात फक्त. सून तिथूनच सांगते, "आजी बऱ्यात." मी विचारते, स्वतः उठतात का? सून म्हणते, "उठतात की, हात धरला की." आता हे हो का नाही? सासू ऐकतेय, सासूसमोर सून 'हो, सगळं मीच करते' म्हणत नाही. आणि म्हणाली तरी सासू आतून ओरडते, माझं मी करते म्हणून.

मी 'हो'वर खूण केली तर पुढे द्यायला माझ्याकडे काय आहे? डायपर नाही, पाठीला जखमा झाल्या तर घरी येणारी नर्स नाही. बीपी निघालं तर गोळी आहे, म्हणून बीपीचा रकाना नीट भरला जातो. ज्याला पुढे उत्तर नाही तो प्रश्न हाताखालून पटकन निघून जातो. सगळ्याच जणी असं करतात म्हणत नाही. पण होतं.

पाड्यावर तर अजून वेगळं. द्राक्षाचं काम सुरू झालं की सुरगाणा-पेठकडची धडधाकट माणसं दिंडोरी, निफाडला. घरी म्हातारी आणि लेकरं. म्हातारीला ऐकू येत नाही, उत्तर देणारं कुणी नाही. मदतीची सर्वांत जास्त गरज त्याच घरात, आणि फॉर्म कोरा.

म्हणून माझा तुमच्या मागणीला विरोध आहे. हा आकडा जाहीर झाला तर तो लहानच येणार. मग वरचे म्हणतील, एवढेच ना? मग नर्स कशाला?

मध्यगा
वरचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. तो वाचूनही ज्यांना दीड लाखावर विश्वास ठेवायचाय त्यांच्यासाठी:

एक तर 24 टक्के हा देशाचा आकडा, तो जिल्ह्यावर सरळ डकवता येत नाही. राज्याचं साठीवरच्यांचं प्रमाण नाशिकला लावणंही धाडसाचं. सुरगाण्याची वयरचना आणि कॉलेज रोडची वयरचना एक नाही. शिवाय लासीत 'एका तरी कामात अडचण' मोजलीय. गुडघेदुखीमुळे संडासला बसायला त्रास होणारे त्यात येतात. त्यांना अडचण आहे, पण रोज दुसऱ्याचा हात लागतोच असं नाही. आकडेमोड्यांनी 'अडचण' घेतली आणि 'परावलंबी' म्हणून मांडली. खरा आकडा दीड लाखाच्या बराच खाली असू शकतो.

मोजू नका असं मी म्हणत नाहीये. जे आहे ते जाहीर करा आणि सोबत फेरतपासणी करा. भरलेल्या फॉर्मांपैकी थोडी घरं चिठ्ठ्या टाकून निवडायची, तिथे दुसऱ्या माणसानं जाऊन तोच प्रश्न म्हाताऱ्या माणसाला एकट्याला विचारायचा. पहिल्या आणि दुसऱ्या उत्तरात फरक किती, यावरून आशांच्या आकड्यात किती गळती आहे ते कळतं. आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला आहे, विद्यार्थ्यांना विषय हवेच असतात.

आकडेमोड्या
'अडचण' आणि 'मदत' यांतला फरक मान्य, पण मी तो आकडा ढोबळ म्हणूनच दिलाय. दीड लाख नाही, पन्नास हजार धरा. पन्नास हजारांसाठी तरी जिल्ह्यात काय व्यवस्था आहे?

घरकैदेतली_सून
सुनांबद्दल बरंच बोलून झालं, आता सुनेला बोलू द्या.

मी इंदिरानगरला राहते. आमच्या सोसायटीत आशा येत नाही, शहरात त्यांचं काम मुख्यतः वस्त्यांमध्ये. त्यामुळे सासऱ्यांचा फॉर्म कुणी भरलेला नाही, तुमच्या बेरजेत ते शून्य. पक्षाघातानंतर घरी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून बारा तासांचा माणूस लावला होता. कुठे शिकला, विचारायचं नाही. पगारातलं ब्युरो किती कापतो, तेही विचारायचं नाही. तो गावाला गेला की रात्री-दिवसा मीच. या ब्युरोंची, या माणसांची नोंद कुठल्या तक्त्यात आहे? गंगापूर रोडपासून नाशिक रोडपर्यंत अर्धी म्हातारी माणसं याच लोकांच्या हातात आहेत, असं मला वाटतं. आकडा मागू नका, नाहीये.

आणि म्हाताऱ्यांना मोजताय तर करणाऱ्यांनाही मोजा. सरकारच्याच 2024 च्या वेळ-वापर पाहणीत आहे: 15 ते 59 वयातल्या 41 टक्के बायका घरातल्या माणसांची देखभाल करतात, पुरुष 21.4 टक्के. करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला 140 मिनिटं जातात, पुरुषांची 74. यात मुलांचं करणंही धरलंय, म्हणजे म्हाताऱ्यांचं किती ते यातूनही कळत नाही. पण निदान विचारलं तरी! सीबॅकमध्ये 'मदत लागते का' आहे, 'कोण करतं' नाही.

फॉर्म_भरणारी
ताई, तुमचं पटलं. पण 'कोण करतं' हा रकाना आला तर तो पण मीच भरायचाय.

कोर्टाची_पायरी
सगळे फॉर्मवर भांडताय, कायद्याकडे कुणी बघत नाही.

इंग्लंडमध्ये प्रौढांच्या सामाजिक देखभालीची आकडेवारी दरवर्षी निघते. किती लोकांनी मदत मागितली, किती जणांना मिळाली, खर्च किती. 2022-23 मध्ये नव्या मदतीसाठी सुमारे 20 लाख मागण्या आल्या. मदत घेणाऱ्यांना वेगळी प्रश्नावलीही पाठवतात. एप्रिल 2023 पासून तर स्थानिक संस्थांना माणसागणिक नोंदी द्याव्या लागतात. हे त्यांना आकड्यांची हौस आहे म्हणून नाही. 2014 चा केअर ॲक्ट सांगतो की ज्याला गरज दिसते त्याची पाहणी करणं स्थानिक संस्थेचं कर्तव्य आहे. कर्तव्य आलं की नोंद आली, नोंद आली की बेरीज आली.

आपला 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा काय म्हणतो? मुलांनी सांभाळा. नाही सांभाळलं तर प्रांतांकडे न्यायाधिकरणात जा, महिन्याला कमाल दहा हजारांपर्यंत निर्वाह मिळेल. जिल्ह्याला किमान एक वृद्धाश्रम, दीडशे जणांचा, असंही कलम आहे. पण अंथरुणावरच्या माणसाच्या घरी कुणी जायचं, हे कर्तव्य कुणावरच नाही. जे करायचंच नाही ते सरकार मोजेल कशाला?

आणखी एक. तिथे मोजणी 18 व्या वर्षापासून होते. इथे धाग्यात सगळे साठीवरच अडलेत. अंबडच्या कारखान्यात मणक्याला मार लागून चाळिशीत खाटेवर पडलेला कामगार घ्या. सीबॅकमधला मदतीचा प्रश्न त्याला विचारतच नाहीत, कारण तो साठीचा नाही.

अशोकस्तंभ_सिग्नल
2027 च्या कुंभाला किती कोटी भाविक येणार, याचे अंदाज आत्तापासून तयार. गावातली खाटेवरची माणसं मात्र मोजायला अवघड. चालू द्या.

पेठनाका
इंग्लंडचं सांगू नका हो, तिथे देखभालीला पैसा आहे. तरी तिथेही लोक ताटकळतात म्हणे, आकडे असून. जवळचं बघा, केरळ. 2008 मध्ये त्यांनी घरी जाऊन शुश्रूषा करण्याचं धोरण केलं, ग्रामपंचायतीला कामाला लावलं. नर्स घरी जाते, जखम धुते, नळी बदलते. नर्स येणार म्हटल्यावर लोक स्वतः येऊन नाव लिहितात, 'हो' लपवायची गरजच राहत नाही. आधी नर्स, मग आकडा. तुमचा क्रम उलटा आहे, एवढंच माझं म्हणणं.

आकडेमोड्या
केरळचा दाखला मला सोयीचाच आहे. पण नाशिकमध्ये 'आधी नर्स' म्हणून कुणाकडे जायचं? महापालिकेत गेलो तर पहिला प्रश्न येणार, किती लागतील? तेव्हा सांगायला काय आहे तुमच्याकडे?

मी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. तालुकानिहाय आणि विभागनिहाय: साठीवरच्यांचे भरलेले फॉर्म किती, मदतीच्या प्रश्नावर 'हो' किती, 'नाही' किती. मध्यगा, फेरतपासणीचं मी विद्यापीठात विचारतो, तुम्ही नमुना किती घरांचा लागेल ते काढून द्या. कोर्टाची पायरी, साठीच्या आतल्यांचं खरंच सुटलं होतं, पण या अर्जात ते बसत नाही, कारण प्रश्नच विचारलेला नाही. त्याला वेगळं निवेदन लागेल, मसुदा तुम्ही करा.

मध्यगा
देतो. फक्त शहर आणि आदिवासी तालुके वेगळे धरावे लागतील, सरसकट सरासरीत पाडे बुडतात.

फॉर्म_भरणारी
अर्जात कोरे फॉर्म किती तेही मागा. 'नाही'पेक्षा तेच जास्त निघतील. आणि उत्तर आलं की 'आशांनी चुकीचं भरलं' असा मथळा करून पेपरला देऊ नका. त्या दहा रुपयांत काय काय होतं ते वर लिहिलंय, तेही सोबत जोडा.

पेठनाका
जोडलं तर माझी सही घ्या अर्जावर. नाहीतर नको.